पाच क्वार्कांचा उंचवटा

माझी थोरली बहीण एकोणीस वर्षं कणांच्या प्रयोगशाळेत आहे. घरात दूध उतू गेलं तर हिला पत्ता नसतो, पण आलेखातला एक ठिपका इकडचा तिकडे झाला की भरल्या ताटावरून उठते. मी वायरमन माणूस. तिच्या कामातलं मला जे काही कळतं, ते तिनेच माझं डोकं खाऊन शिकवलेलं.

प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे बारके कण तीन. पाच क्वार्कसुद्धा एकत्र नांदून एक कण होऊ शकतो, असं गणित तिच्या सरांनी चाळीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलं. लोक हसले. सर निवृत्त झाले, फुफ्फुसांनी दगा दिला, पण त्यांच्या गणितातला तो कण काही सापडला नाही. शोधायचं काम शेवटी ताईकडे आलं.

त्यांच्याकडे एक कडक नियम असतो. कण जिथे दिसायला हवा, आलेखाचा तेवढा भाग झाकून ठेवायचा. कोणत्या नोंदी घ्यायच्या आणि कोणत्या फेकायच्या हे आधी ठरवायचं, मगच झाकण काढायचं. नाहीतर माणूस आपल्याला हवं तेच बघतो. ताईने दोन वर्षं तिकडे डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. झाकण काढलं, तर नेमका तिथेच उंचवटा, म्हणजे कण असल्याची खूण! विभागप्रमुखांना कुठला दम निघतोय. त्यांनी लगेच सरांना इस्पितळात फोन लावला.

चौथ्या दिवशी ताई घरी आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. काही नोंदींत कणाची एकच वाट प्रोग्रामने दोन वाटा समजून मोजली होती. त्या जुळ्या वाटा काढल्या की उंचवटा सपाट. प्रोग्रामचा तो भाग तिनेच लिहिलेला.

"सरांना नको सांगूस," मी म्हणालो. "डॉक्टरांनी हात टेकलेत. सुखाने जाऊ दे की म्हाताऱ्याला." प्रमुखही तिला तेच म्हणाले होते.

"त्यांनी मला कधी एक खोटा आकडा लिहू दिला नाही," ती म्हणाली. मला तिचा रागच आला. तरी सोबत गेलो.

सर उशांना टेकून बसले होते. ताईने आढेवेढे घेतले नाहीत. "सर, उंचवटा गेला. एकच वाट दोनदा मोजली होती. चूक माझी."

त्यांनी नाकावरची नळी सारखी केली. "जुळ्या काढल्यावर काहीच उरलं नाही?"

"नाही, सर."

"मग माझं गणित खोटं?"

"तसंही नाही म्हणता येत. एवढ्या नोंदींत तो दिसला नाही, इतकंच."

"बरोबर. इतकंच लिही."

बातमी ऐकून सरांचं अभिनंदन करणाऱ्या सगळ्यांना पाठवायचं पत्र त्यांनी तिथेच सांगितलं, ताईने उतरवून घेतलं. सही करायला त्यांना बराच वेळ लागला.

आम्ही निघालो. ताई दारापर्यंत पोचली तेव्हा सर म्हणाले, "पण चार दिवस फार छान गेले गं."

ताई मागे फिरली आणि पलंगाच्या कठड्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.