वाढत्या अंगाचं चिलखत

मी पत्र्याचा माणूस. नागापूरच्या एमआयडीसीत विजेच्या पॅनेलचे डबे बनवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे, दाराला कुलूप बसवायचं. त्यामुळे माझ्या हातून काहीही निघालं तरी शेवटी त्याचा डबा होतो. घरी हौसेनं देव्हारा केला, तर मेहुण्यानं आल्या आल्या विचारलं, "दाजी, मीटर कुठं बसवनार?" हे मी नेहमी हसत सांगतो. पुढचंही तसंच सांगायला घेतो आणि मध्येच कुठंतरी अडकतो.

मुलगी तेव्हा सहावीत होती. वर्गात हजेरी द्यायची तीही इतकी हळू, की बाईंनी दोनदा गैरहजर मांडलं होतं. या पोरीनं त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगसाठी स्वतःच्या मनानं नाटक लिहिलं. वहीची चार पानं, समास सोडून. मराठीच्या सरांना ते आवडलं. त्यांनी नाटक बसवायला घेतलं आणि मुख्य काम तिलाच दिलं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला आपली वाक्यं मोठ्यानं ऐकवायची. खाली आमची बायको भाकरी थापता थापता थांबायची आणि म्हणायची, "आवाज आपल्याच पोरीचा हाय ना वो?"

नाटकाची गोष्ट तिनं मलाही सांगितली होती. मी स्टुलावर चढून पंख्याचा कपॅसिटर बदलत होतो. "दुसऱ्या ग्रहावरची एक मुलगी चिलखत घालून आपल्याकडं उतरते," इथपर्यंत मी ऐकलं. पुढं ती बराच वेळ बोलत होती, पण माझ्या डोक्यात पत्रा वाकायला लागला होता.

तिनं चित्र काढून आणलं. पुठ्ठा, त्यावर चंदेरी कागद, आणि दोन्ही बाजूंना नाड्या. डोक्यावर टोपासारखं काहीतरी, समोरून उघडं.

"पप्पा, नाड्यांनीच बांधायचं बरं का. पटकन सुटलं पाहिजे."

"अंतराळात नाड्या असतात व्हय गं? परकराला असतात."

ती हसली नाही. मी मात्र लई हसलो.

सुट्टीच्या दिवशी स्टीलची टेप घेऊन तिची मापं घेतली. वीस पॅनेलला घेत नाही इतक्या काळजीनं घेतली. खांदा, छाती, दंड, मनगट, डोक्याचा घेर. कागदावर सगळं नीट उतरवलं आणि तिथंच माशी शिंकली.

आमच्या कर्जतकडच्या घरात कुणाचाही कपडा कधी त्याच्या मापाचा शिवला गेला नाही. शिंप्यापुढं पोरगं उभं केलं की बाप म्हणणार, "वाढत्या अंगाचं शिवा." माझी चौथीतली खाकी चड्डी मी सातवीत घातलेली आहे. चौथीत ती पोटावर धरून पळायचो, सातवीत तिच्यात बसता येत नव्हतं. मधलं एक वर्ष ती बरोबर झाली असणार, पण ते माझ्या ध्यानात नाही. बायकोनं कागद बघितला आणि तिच्याही तोंडातून तेच आलं. "एवढी मेहनत एका दिवसासाठी कशाला? जरा वाढत्या अंगाचं करा. दोन-तीन वर्षं घालंल पोरगी."

चिलखत घालून पोरगी दोन-तीन वर्षं नक्की कुठं जाणार होती, हे आम्हा दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी खांद्याला चार बोटं वाढवली. छातीला वीतभर. डोक्याला तर अंदाजानंच.

सुपरवायझरला विचारून भंगारातले ॲल्युमिनियमचे तुकडे घेतले आणि ड्यूटी सुटली की तासभर थांबायला लागलो. महिनाभर हे चाललं. छातीचा भाग चार पट्ट्यांचा, एकावर एक चढवलेला, रिव्हेट एका रांगेत, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावेत असे. दंडाला पीव्हीसी पाइप गरम करून फाडलेला. डोक्याला जुन्या गिझरचं बाहेरचं डबडं, त्याला समोर पॅनेलच्या दारात बसवतो ती ॲक्रेलिकची काच. छातीवर तीन इंडिकेटर, लाल, पिवळा, निळा. तीन फेजला असतात तेच. वरून आमच्या पॅनेलचा राखाडी रंग, भट्टीत भाजलेला. आणि हेल्मेट डोक्यावरून हलू नये म्हणून मानेशी पॅनेलचंच कुलूप, चावीनं उघडणारं. या कुलपावर मी फार खूश होतो.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा वेल्डर रोज येऊन बघून जायचा. तोंडानं फटकळ माणूस. एक दिवस कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मिस्तरी, यात पोरगी बसवायची हाय का डीपी?"

"तुला कलेतलं काय कळतंय?"

"कलेतलं न्हाई कळत. पन याला खाली पाय लावा, रोडच्या कडंला उभं करा. लोकं फ्यूज बदलायला येतील."

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मुलीला एकदाच घालून बघितलं, तेही अर्धवट असताना, घरच्या ओट्यावर. छातीचा पत्रा मांड्यांपर्यंत आला. ती म्हणाली, कोपर वाकत नाही. मी म्हणालो, सवय होईल. मग हेल्मेट चढवलं. ती आतून काहीतरी बोलत होती. काचेतून मला ओठ हलताना दिसले. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. मी अंगठा वर केला आणि म्हणालो, "मस्त." काढल्यावर ती म्हणाली, "मी विचारत होते, माझा आवाज येतोय का."

नाड्यांचंही तिनं पुन्हा विचारलं. मी तिचं बोट धरून रिव्हेटवरून फिरवलं. म्हणालो, हे बघ, हे कधी सुटणार नाही.

गॅदरिंगच्या दोन दिवस आधी चिलखतासह तालीम होती. मी रजा टाकली. मोटरसायकलवर पुढं मी, मध्ये पोतं गुंडाळलेलं चिलखत, मागं हेल्मेट मांडीवर घेऊन ती. शाळेच्या हॉलमध्ये पोरांनी गराडा घातला. हात लावायला ढकलाढकली झाली. मी आपला, हळू रे, रंग जाईल, असं म्हणत होतो आणि मनातून लावा म्हणत होतो.

तिला घातलं. खांदे कानांच्या वर उभे राहिले. तिनं तीन पावलं टाकली, पत्रा एका बाजूला सरकला आणि ती आतल्या आत खाली गेली. बाहेर नुसतं हेल्मेट राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कासव." मग सगळाच हॉल हसला. मीही थोडा हसलो. चांगला पालक दिसावा म्हणून.

खेळाच्या बाई तिथं उभ्या होत्या. त्या सहज बोलल्या, "नववीतल्या त्या कबड्डीच्या पोरीला होईल हे." तिला बोलावलं. उंच, रुंद खांद्याची, साधी पोरगी. तिनं हात वर केले, मी वरून चिलखत सोडलं, आणि ते असं बसलं की मला स्वतःचा हेवा वाटला. पत्रा छातीवर, दंड दंडावर, कुलूप मानेवर. मी बटण दाबलं. लाल, पिवळा, निळा. हॉल गप्प झाला. ज्या पोरीचं माप मी कधी घेतलंच नव्हतं तिच्या अंगावर माझं आयुष्यातलं सगळ्यात चोख काम उभं होतं.

सर सरळ माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं नाही, तिच्यासमोरच विचारलं. "दोन गोष्टी होऊ शकतात. हे राहू द्यायचं, हिला पुठ्ठ्याचं काहीतरी करू, आमच्याकडं पुठ्ठा आहे, दोन दिवस आहेत. नाहीतर चिलखत राहील, काम ही नववीतली करील. तुम्ही सांगा. पोरगीही तुमची आणि चिलखतही तुमचं."

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला खात्री असावी, असं मला आता वाटतं. उत्तर इतकं सोपं होतं.

मी म्हणालो, "चालंल की सर, चिलखतच घ्या. हिला पुढल्या वर्षी बसंल."

नववीतलीच घाबरली. "सर, मला न्हाई पाठ व्हायचं एवढं दोन दिवसांत." त्यावर तोड निघाली. वाक्यं माझ्या मुलीनं पडद्याआडून माईकवर म्हणायची, नववीतलीनं नुसते हातवारे करायचे. नाहीतरी हेल्मेटातून आवाज येतच नव्हता. सगळ्यांना पटलं. कुणालाच काही सोडावं लागलं नाही, असं बाई म्हणाल्या.

गॅदरिंग दुपारचं होतं. मैदानात मांडव, मी दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. बायको शेजारी. नववीतली स्टेजवर आली आणि टाळ्या, शिट्ट्या. मी दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग कर्ण्यातून माझ्या मुलीचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, एकही शब्द न खाता. बायकोनं माझा हात दाबला.

ते नाटक मी तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

नाटकातल्या मुलीच्या ग्रहावरची हवा विषारी. माणसं जन्मभर चिलखतात राहतात, एकमेकांचा चेहरा कुणी बघितलेला नाही. ती इथं एका वस्तीवर उतरते. एका घरी तिला पाणी देतात, तेव्हा ती हातावरचं काढते. एक आजी अंगणात बसवून घेते, तेव्हा छातीवरचं काढते. शेवटी हेल्मेट. म्हणजे नाटक सगळं त्या काढण्याचंच होतं. तेवढ्यासाठी नाड्या.

"हे मी काढते," कर्ण्यातून आवाज आला. स्टेजवरच्या पोरीनं दंड ओढला. निघाला नाही. पुन्हा ओढला. लोक हसायला लागले. आवाज थोडा थांबला, मग पुढं गेला. छातीच्या वेळी तेच. पोरीनं दोन्ही हातांनी पत्रा हलवला, तो खडखड वाजला, मांडव खदखदला. माझे रिव्हेट खरंच सुटत नव्हते.

"आता माझा चेहरा बघा. मी तुमच्यासारखीच दिसते."

स्टेजवर वाफ धरलेली काच होती. त्यामागं कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. कुलपाची चावी माझ्या खिशात होती. मी खिशात हात घालून ती धरलेली होती. उठून चार पायऱ्या चढलो असतो तर वेळेत उघडता आलं असतं. उठलो नाही. उठलो असतो तर कुलूप कुणी लावलं ते मांडवाला कळलं असतं. पडदा पडल्यावर मागं जाऊन मी ते उघडलं. नववीतली घामानं भिजली होती. बिचारी मलाच म्हणाली, "काका, चुकलं का माझं?"

आणि मग माझा सत्कार झाला. आपण हसलो ते लोक विसरले होते, दिवे लक्षात राहिले होते. संस्थेच्या अध्यक्षांनी स्टेजवर बोलावलं, शाल, नारळ. "असे हरहुन्नरी पालक शाळेला मिळाले पाहिजेत," वगैरे. नाटक कुणी लिहिलं ते निवेदन करणाऱ्या बाईंकडून सांगायचं राहून गेलं. माईक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणाले. पडद्याच्या फटीतून मुलगी दिसत होती, हातात चार पानं. मी बोललो. ॲल्युमिनियम का घेतलं, पट्ट्या कशा चढवल्या, रंग भट्टीत कसा भाजतात. चांगलं पाच मिनिटं बोललो. लेखिकेचं नाव माझ्या तोंडून आलं नाही. विसरलो म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. त्या पाच मिनिटांत दुसऱ्या कुणाला जागा द्यायची नव्हती, एवढंच.

घरी बायकोनं नारळ फोडला. मी मुलीला म्हणालो, "आवाज काय लागला गं तुझा. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला."

"व्हय."

"मग झालं तर. तुझं नाटक तूच म्हटलंस."

ती खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन बसली होती, खात नव्हती. म्हणाली, "पप्पा, सरांनी तुम्हाला विचारलं होतं."

मी काहीतरी बोलायला लागलो. अध्यक्षांचं, शाळेचं, पुठ्ठ्यानं कसं हसू झालं असतं त्याचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट उचललं. रडली असती तर मला जमलं असतं. रडणाऱ्या पोरीला मी गाडीवर बसवून आइस्क्रीम खायला नेऊ शकतो, तेवढं मला येतं.

चिलखत शाळेनं ठेवून घेतलं. ऑफिसात ढालींच्या कपाटाशेजारी उभं आहे. वेल्डरला हे कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "वायरिंग करून टाका."

पुढच्या वर्षी सरांनी तिला नाटक मागितलं. नाही म्हणाली. काम देतो म्हणाले. त्यालाही नाही. मला शाळेत बोलावून घेतलं आणि विचारलं, घरी काही झालंय का. मी म्हणालो, छे. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला लोकांसमोर बोलायला जमत नाही, पप्पा." हे खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मांडवातल्या प्रत्येक माणसानं कर्ण्यातून ऐकलं होतं. तरी मी वाद घातला नाही.

आता ती दहावीत आहे. लिहिते अजून. संध्याकाळी आतल्या खोलीत वही घेऊन बसते. मी दारात गेलो की वही लपवत नाही, नुसती मिटते, आणि वर बघून नीट विचारते, "काय हवंय, पप्पा?" आवाजात राग नसतो. घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारते.

मी म्हणतो, काही नाही, पाणी. ती उठते आणि पाणी आणून देते.