डाळिंबाची गुटी आन् बारवेचं शेवाळ

सरकारी ट्रकात भांडी चढली, बकरी चढली, माय चढली, पण बाबा काही चढेनात. ते बारवेत उतरले होते आन् पायऱ्यांवरचं शेवाळ खुरप्यानं काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून राह्यले होते. ट्रकवाला वरून ओरडला, "अहो बुवा, धरण भरून राह्यलं अन् तुम्ही शेवाळ काय नेता?" बाबा खालून म्हणे, "तू तुहा ट्रक सांभाळ बाप्पा, मी माहं बिऱ्हाड सांभाळतो."

गावातले तुम्ही कोणी मेहकराकडं गेले, कोणी कुठी, म्हणून साऱ्याइले एकदमच सांगून टाकते. टायपिंगच्या क्लासात जेवायच्या सुट्टीत घाईनं ठोकून राह्यली, चुका पोटात घाला.

इथं मलकापुरात शेवाळ म्हटलं का लोकाइले घसरून पडणंच आठवते. ते पाण्यातलं बुळबुळीत. आपल्या बारवेचं दगडाले चिकटलेलं, मखमलीवानी, बोट दाबलं का पाणी सोडे. बाबा डाळिंबाच्या फांदीची आंगठीएवढी साल सोलत, तिथी हे ओलं शेवाळ लपेटत, वरून गोणपाट बांधत. "माती सुकते, शेवाळ पाणी धरून ठेवते," म्हणत. पावसाळा सरता सरता त्यातून पांढऱ्या मुळ्या डोकावल्या का फांदी कापायची, झाली गुटी. लागवडीले तयार. पण ज्या पावसानं मुळ्या फुटायच्या त्याच पावसानं धरण भरलं. मुळ्या पुऱ्या यायच्या आतच बाबांनी बांधावरच्या डाळिंबाच्या फांद्या कापल्या आन् आमी त्या मांडीवर घेऊन आलो. त्याच्यावरच नवी बाग उभी करायची होती.

नवी जागा जळगाव जामोदच्या खाली, सपाट रानात. सरळ रस्ता, टीनाचं घर, नवी विहीर, मी तर लय खुश. बाबांनी आणलेल्या गुट्या लावल्या आन् पुढच्या कलमाइसाठी फुटक्या मडक्याइवर आन् विटाइवर शेवाळाचे तुकडे पसरले, वरून तट्ट्याची सावली केली. त्याले बी लागत नाई, ओल भेटली का तुकड्यातून पसरते. मी रोज विहिरीचं पाणी शिंपडे. थोड्याच दिवसांत शेवाळ तपकिरी पडलं, वर पांढरा खार आला. त्या साऱ्या पट्ट्याचं पाणीच खारं. माय म्हणे, "मिठात लोणचं टिकते, शेवाळ कसं टिकन?"

प्यायचं गोड पाणी बैलगाडीनं ये. माय आपल्या वाट्यातलं अर्धं गुट्याइले टाके. शेजारीण हासे, "काऊन ओ वहिनी, सोता तहानलेली राहून काडीले पाजून राह्यल्या?" माय म्हणे, "काडी भांडत तर नाई माह्यासंग." बाकीच्या वाळल्या, पण एका गुटीले पानं फुटली. मी साऱ्या गल्लीले ओढून आणून दाखवली.

उन्हाळ्यात गाडी कधी ये, कधी नाई. माही लहानी बहीण तवा नुकतीच झाली होती, आन् मायले दूध उतरेना. एक दिवस बाबांनी गुटीपाशी ठेवलेला लोटा उचलला आन् मायपुढं ठेवला. "पी. आता पुरे झालं." आठवड्यात गुटी वाळली. बाबांनी ती उपटून चुलीत घातली.

पुढं गोड पाण्याची गाडी बंदच झाली, घरचे विहिरीचंच पाणी पिऊ लागले. आता बाबा सडकेवर खडी फोडतात. कोणी कलम बांधून मागितलं तर म्हणतात, मले येत नाई. त्या जागेले ते इतके वर्षं 'प्लॉट'च म्हणत आले, घर कधीच नाई. मीही तसंच म्हणे.

मागच्या महिन्यात बाबा लहानीले घेऊन इथं आले, मी राह्यते त्या मावशीकडं. लहानी आता बडबड करते. मावशीनं तिले माठातलं गोड पाणी देलं. एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "हे फिक्कं हाय. मले आपलं पाणी पाह्यजे."

मावशी हासली. बाबांनी लहानीच्या हातातला गिलास घेतला, उरलेलं पाणी हळूहळू पिऊन टाकलं आन् म्हणाले, "हाव बाई, सकाळच्या बसनं घरी जाऊ."