डब्यातली अखाजी

सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका शेठने भंगारातला रेल्वेचा डबा आणून त्यात हॉटेल काढलं, तेव्हा मी नवी सून होते आणि अकलेने त्याहून नवी. नवरा कापडाच्या लूमवरून सुट्टी काढून मला तिथे चहाला घेऊन गेला. रेल्वेत शिदोरीशिवाय बसायचं नाही, एवढंच मला माहेरी शिकवलेलं. मी फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून नेला. चहा यायच्या आत गाठ सोडली, आणि वर वेटरला विचारलं, गाडी हलते का हो मधूनमधून?

शेठ आला. त्याने ते फडकं दोन बोटांनी उचललं आणि खिडकीतून बाहेर टाकलं. "ऐसे लोगों के लिए स्टेशन है," म्हणाला. डबाभर लोक हसले. माझ्या नवऱ्याची मान खाली गेली, ती लिंबायतच्या आमच्या खोलीपर्यंत वर आली नाही. मी शहाणी रात्रभर भाकरीसाठी रडले. मानेचं सकाळी सुचलं. त्याच डब्यात शेठची मान खाली घालायची, असं तेव्हाच ठरवलं.

अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट पाहिली. आमच्याकडे त्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून बायका एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात, आणि कुणी रागवायचं नाही असा रिवाज. सुरतेत लूम सोडून माहेरी कोण जाणार? गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन मी डब्यात शिरले. अर्ध्या या बाजूच्या बाकांवर, अर्ध्या त्या. मधली वाट म्हणजे नदी. चहा मागवला आणि सुरू केलं. शिव्या एकमेकींच्या नावाने सुरू व्हायच्या, पण पडायच्या सगळ्या शेठवर.

"शेठनी मिशी, बकरीनी शेपटी."

शेठला अहिराणी कुठली कळायला? मधे 'शेठ' ऐकून, आपल्या नावाचं भजन समजून तो टाळ्या वाजवत होता. आतला आचारी आमच्याच धुळ्याकडचा. तो हसता हसता खाली बसला, आणि नेमकी तेव्हाच आलेली शेठाणी त्याला अर्थ विचारू लागली. त्याने शेठच्या देखत सांगितला. शेठ मिशीवर हात ठेवून आम्हाला बाहेर काढायला निघाला.

शेठाणीने त्याला बाजूला सारलं, माझ्याशेजारी येऊन बसली. "बेन, ए मूछवाळुं फरीथी गाओ ने," म्हणाली; मिशीचं तिला पुन्हा ऐकायचं होतं.

शेठ जमिनीकडे बघत उभा राहिला. मी गळा बसेपर्यंत गायले.