जयवंतीची दहा वर्षं

फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरायची. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली ना! कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाच्या दाखल्यात चूक निघाली, की आली स्वारी माझ्या दारात. "वसुंधराताई, तेवढं बघता का?" आणि वसुंधराताई बघायच्या. फुशारकी, दुसरं काय.

जयवंती माझ्याकडे सोळा वर्षं पोळ्या करते. कामणच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा आहे. नवरा गोदामात हमाली करायचा, पाठीवर गठ्ठा पडला आणि वर्षभरात गेला. गोदामवाल्याच्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे हिला कोणी काही दिलं नाही. दोन मुली हिने एकटीने उजवल्या. सकाळी साताची बस पकडून यायची, तीन घरं करून दुपारी परत. माणूस अबोल, पण एकदा खुलली की ऐकत राहावं. पहिली पोळी बिघडली की म्हणणार, "ही पोली साहेबांना, त्यांना काय कलतंय!" आणि आमचे श्रीरंगराव ती खरंच मुकाट खायचे.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगते.

जयवंती दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. त्या शाळेचा दाखला तिने जपून ठेवला होता. त्यावरून आधारकार्डावर तिची जन्मतारीख बरोबर लागली होती, सन चौऱ्याहत्तर. नऊ वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, कार्डावरचं तिचं नाव चुकलं म्हणून मी दुरुस्तीला घेतलं. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. निराधार म्हाताऱ्यांची पेन्शन पासष्टला मिळते. वय दहा वर्षांनी वाढवलं तर बाईला पंचावन्नलाच मिळेल की! चेहरा तर उन्हातान्हाने रापलेला, कोण शंका घेणार? कचेरीच्या कागदावर वयाचं पत्र मीच टाईप केलं, सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवलं आणि साहेबांनी न बघता सही ठोकली. जयवंतीला म्हटलं, "नाव नीट करून घेऊ, बाकीचं मी बघते." तिने मशीनवर बोटं ठेवली. एका झटक्यात दहा वर्षांनी म्हातारी झाली आणि तिला पत्ताही नाही. मला तर वाटलं, केवढं पुण्य केलं मी!

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

गेल्या महिन्यात घरकामगारांच्या संघटनेची जेसिका आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नोंदणी करायला आली. इथल्या जवळच्याच गिरिज गावची पोरगी, चुणचुणीत. तिने सगळ्या बायकांना बसवून समजावलं, की सरकारच्या घरकामगार मंडळात नाव लागलं की तुम्ही सरकारदरबारी कामगार म्हणून मोजल्या जाल, सरकार जे काही देईल ते मागायला तुम्हाला तोंड असेल. अट एकच, वय साठच्या आत हवं. जयवंती नवी साडी नेसून आली होती. मी मालकीण म्हणून तिचा दाखला लिहून दिला होता, झोकात, आणि कौतुक बघायला पुढच्या खुर्चीत बसले होते. वाढवलेली ती दहा वर्षं माझ्या डोक्यातच नव्हती.

जेसिकाने कार्ड बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तुमचं वय एकसष्ट. नाही होणार."

"एकसट?" जयवंती हसलीच. "नाय गो बाय, शालेचा दाखला हाय माजा." तिने प्लास्टिकच्या पिशवीतून तो काढला. जेसिकाने तो वाचला, कपाळाला आठ्या घातल्या. "मग ही तारीख बदलली कोणी? आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते मावशी, ती वेळ वापरली गेलीय. आता मोठ्या ऑफिसात अर्ज करावा लागेल. पहिली तारीख कोणी आणि कशी चुकवली, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागेल."

"मशीनवाल्याने चुकवलं असल," जयवंती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "नाय का वो ताई? तुमी होता ना तवा."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "असेल बाई, ही मशीनवाली पोरं कशी काम करतात, माहीत आहे ना." असं म्हटलं मी! चांगली चौसष्ट वर्षांची घोडी, आणि त्या कोण कुठल्या पोरावर ढकलून मोकळी झाले.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी स्वतःची समजूत काढली असती. पण हॉलमध्ये तिच्या बाकी दोन घरांच्या बायकाही होत्या. आठवड्याच्या आत दोघींनी तिला काढलं. एकीने मला लिफ्टमध्ये सांगितलं, "साठी उलटलेली बाई कशी ठेवायची हो? उद्या ओट्यापाशी घसरून पडली तर आपल्या गळ्यात." मी तिच्यावर डाफरले, "अहो, ती पन्नाशीची आहे!" तर म्हणे, "कार्डावर तर तसं नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच्याच हाताचा.

मी श्रीरंगना सगळं सांगितलं, प्रतिज्ञापत्र करते म्हणून. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "वसू, कचेरीचा कागद, खोटा मजकूर, साहेबांची सही. चौकशी लागली तर तुझ्या पेन्शनवर येईल. आपल्या दोघांचं त्यावरच चाललंय. विचार कर." मी विचार केला. चार दिवस केला. चार दिवस जयवंती यायची, एकाच घरासाठी दोन बस बदलून, आणि मी तिच्याकडे न बघता कणीक काढून द्यायची.

पाचव्या दिवशी राहवेना. ती पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "जयवंती, मशीनवाल्याने नाही. मी वाढवलं तुझं वय."

लाटणं थांबलं. मी सगळं सांगून टाकलं, पत्र, सही, पेन्शनचा माझा तो शहाणपणा. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. ती म्हणाली, "मंग मी खरी कितीची?"

"एक्कावन्न."

"आन तुमी?"

"चौसष्ट."

"मना वाटायचं तुमीच माज्यापेक्षा लान."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मी उद्या वकिलाकडे जाते. लिहून देते की मीच केलं. तुझी नोंद होईल. झाली तर माझी चौकशी होईल, पेन्शन अडकेल, अडकू दे. मी केलंय, मीच निस्तरीन."

तिने तव्यावरची पोळी उलटली, करपायला आली होती. मग सावकाश म्हणाली, "नको ताई. त्या दोन घरांनी तर काडलंच. आता तुमचंच एक घर हाय माजं. तुमची पेन्शन बंद झाली, तर मना पगार कोन देनार?"

आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला हायसं वाटलं. वकिलाकडे मी अजून गेलेली नाही.