जोडवं वाढलं

सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला बुवा-भगतांचे पत्ते पाठवणार नाही. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या गावात तिठ्यावर कुणी उतारा टाकला की बायका पदर सावरून दुसऱ्या अंगानं जातात. मी एकदा त्यातला नारळ उचलून घरी आणला होता. चांगला गोड निघाला. चटणी केली आणि मी अन् माझ्या मिस्टरांनी मिळून खाल्ली. त्या चटणीनंच ते गेले असं म्हणणारी माणसं गावात आजही आहेत... चटणी खाल्ली त्याला अकरा वर्षं झाली आणि मिस्टर गेले चार वर्षांपूर्वी, हार्ट अटॅकनं. इतकी सावकाश चालणारी चटणी मी तरी दुसरी पाहिली नाही.

तर मी कुरुंद्याची. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. घर गावाच्या कडेला, आणि घरापुढच्या मोकळ्या जागेत आमचा हळद पॉलिशचा ड्रम आहे. शिजवून वाळवलेली हळद त्यात भरायची, ड्रम फिरवायचा, साल निघून हळद पिवळीधमक होऊन बाहेर येते. हे काम मिस्टरांनी सुरू केलं, आता मी चालवते. वय पन्नास, शिक्षण बारावी, आणि पाच वर्षांपासून शुगर आहे. शुगरचं मुद्दाम सांगतेय, पुढे लागेल.

आता जोडव्यांचं. सगळं घोडं तिथंच अडलेलं आहे.

माझी जोडवी भरीव चांदीची, बंद वेढ्याची. हल्ली मिळतात तशी मध्ये फट असलेली नाहीत, की दाबली की लहान आणि ताणली की मोठी. वर आठ पानांची नक्षी. लग्नानंतरच्या पहिल्या हळदीच्या पैशांतून मिस्टरांनी हौसेनं करून आणली होती. पुढे मुलीच्या वेळी मला दिवस राहिले, पाय सुजले आणि जोडवी रुतायला लागली. एका दुपारी जेवताना, सासूबाईंच्या समोर, हे सहज म्हणाले, "उद्या वसमतला चाललो. तुझी जोडवी वाढवून आणतो."

सासूबाईंनी हातातली भाकर ताटात टाकली. "मुडद्या, जोडवी वाढवत असत्यात का? जित्तेपणी बायकोची जोडवी वाढवतो म्हनतोस?"

तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात माहीत नाही. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं. आणि नवरा गेला की बाईच्या अंगावरचं जे जे उतरवतात, ते सगळं 'वाढवतात'. मिस्टरांच्या डोक्यात बिचाऱ्यांच्या नुसतं माप होतं. पण सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत, म्हणून ते काम राहिलं ते राहिलंच. बाळंतपणानंतर सूज उतरली. पण हे मला चिडवायचे, "तुझं एक काम हाय बरं माझ्याकडं. वाढवून देनार हाय मी." मी म्हणायची, तुमी अन् तुमची कामं!

हे गेले तेव्हा दहाव्याला बायका जमल्या. मंगळसूत्र काढलं, काढू दिलं. बांगड्या वाढवल्या, वाढवू दिल्या. पायाला हात घालायला लागल्या तसे मी दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले आणि म्हटलं, "पायाला हात लावंल तिला लाथ बसंल." बसली असती, खरंच बसली असती. तेव्हापासून मी गावात 'जोडव्याची बाई' झाले. नवरा नाही आणि जोडवी आहेत! माझ्यासमोर कुणी काही बोलत नाही, कारण हळद माझ्याच ड्रममधून काढायची असते.

बोलायच्या फक्त शकुवन्सं. या माझ्या नणंद, मिस्टरांच्या धाकट्या बहीण, आमच्याच घरी राहतात. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे मालक गेले आणि त्याच दिवशी त्यांची जोडवी उतरवली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मला माहीत होतं, पण भांडताना ते कुठं लक्षात राहतं.

यंदा मार्चमधली गोष्ट. हळद जोरात होती. ड्रमच्या लोखंडी दाराची कडी ढिली झाली होती, वेल्डिंगवाल्या शब्बीरचाचांना सांगू, आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिले... आणि दार निसटून माझ्या डाव्या पावलावर पडलं. अंगठ्याशेजारचं बोट. जोडव्याचंच.

ओरडले ते म्हणे पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

वसमतला डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड चिरलं होतं. बोट वांग्यासारखं टम्म आणि त्याच रंगाचं. त्यांनी साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, जोडवं तसूभर हलेना. म्हणाले, "हे आजच्या आज कापून काढा. तुम्हाला शुगर आहे. रक्त अडलं तर बोट ठेवता येणार नाही." मी म्हटलं, गावात चाचांकडे कटर आहे, त्यांच्याकडून कापून घेते. आणि घरी आले... आणि नाही कापलं.

वेडी आहे का मी? असेन. पण घरात पाऊल ठेवताच शकुवन्सं म्हणाल्या होत्या, "सुमन, जे आमी चार वर्सं सांगून राहिलो ते देवानं एका दणक्यात केलं बघ." मग माझं डोकं फिरलं. एकदा का ते निघालं, की पुन्हा घालताना अख्खा गाव आडवा येणार. घातलेलं ठेवणं वेगळं आणि विधवेनं नव्यानं घालणं वेगळं. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, सूज उतरेल दोन दिवसांत, होईल ढिलं.

ते दोन दिवस कसे काढले ते मलाच माहीत. पाय दोन उशांवर. चादरीची घडीसुद्धा बोटाला सहन होईना, म्हणून पायाशी पाटीवर पाटी ठेवून त्यावर चादर टाकलेली. संडासला जायचं तर लाल प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलायची, तिच्या पाठीला धरून एका पायावर उडी, पुन्हा खुर्ची, पुन्हा उडी. पन्नासाव्या वर्षी लंगडी! शेजारणीच्या फ्रीजमधला बर्फ पिशवीत घालून लावायचा. येणारी प्रत्येक बाई सांगायची, हळद लाव गं. अंगण हळदीनं भरलेलं, पोती हळदीची, आणि मला हळद लावा म्हणून सांगतात!

तिसऱ्या दिवशी सकाळी ठणका थांबला. मला वाटलं, बरं झालं. मुलगी नांदेडला नर्सिंग करते, तिला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "आई, बोट दाब. सोडल्यावर लाल होतंय का?" होत नव्हतं. बोट थंड होतं. दाबलेलं कळतसुद्धा नव्हतं. मुलगी रडायलाच लागली. "आई, तुला बोट पाहिजे का जोडवं?"

मग मात्र मी घाबरले. शब्बीरचाचांना फोन लावला. चाचांचं वेल्डिंगचं दुकान, आमचा ड्रम त्यांनीच बांधलेला. दार पडल्याचं ऐकून तेच इतके शरमले होते, जणू चूक त्यांची. म्हणाले, "भाभी, कळमनुरीला काम घेऊन बसलो. असरच्या नमाजपर्यंत, पाच-सव्वापाचला पोचतोच. बारीक पातं लावून आणतो कटरला, चमडीला लागनार न्हाई."

साडेतीनला शकुवन्सं बाजाराला निघाल्या. जाताना कुंकवाची रिकामी डबी माझ्या उशाशी ठेवली. "चाचा कापतीन ते ह्याच्यात ठेव. दुसऱ्या पायातलंबी काढून ठेव. एक पाय भरलेला अन् एक उघडा, शोभतंय व्हय? नदीत सोडून येऊ."

बाहेरून कुलूप लावून गेल्या, मला उठायला नको म्हणून. किल्ली त्यांच्या कमरेला. मागच्या दाराला आतून कडी. खिडकीला गज.

मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. कुणाचा राग, ते काही ठरेना, म्हणून गेलेल्या माणसावर काढला. भिंतीवरच्या फोटोकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "ऐकून राहिलात ना? म्हनला होतात, वाढवून देतो. दिलं का? आता हे लोक वाढवायला बसलेत. तुमचं एकबी काम येळेवर झालं न्हाई." ही प्रार्थना नव्हती. भांडण होतं, रोज व्हायचं तसं.

गोळीनं डोळा लागला. मोबाइलवर चार वाजलेले पाहिले होते.

जाग आली ती ठणक्यानं. बोट असं ठणकत होतं की तोंडातून आई गं निघालं. चार वीस झाले होते. पाहते तर बोटात जोडवं नाही. बोट तेवढंच टम्म, आणि जोडव्याच्या जागी गोल खाच, पांढरी, तिच्यात हळूहळू लाली येत होती. खरचटलेलं नाही, रक्ताचा थेंब नाही. जोडवं खुर्चीवर होतं. मी झोपले तेव्हा खुर्चीवर फक्त पाण्याचा तांब्या होता, आता जोडवं त्याला टेकवून उभं ठेवलेलं. तांब्यावर हळदीच्या बोटाचा एक ठसा होता. त्याचं मी काही धरत नाही. आमच्या घरात हळदीचं बोट कुठं नसतं?

खुर्ची ढकलत मागच्या दारापर्यंत गेले. कडी होती तशी.

पाच वाजून गेल्यावर कुलूप निघालं. भाजीची पिशवी घेऊन शकुवन्सं आणि कटर घेऊन चाचा, दोघं दारातच भेटले होते. मी मूठ उघडून दाखवली. शकुवन्संच्या हातातली पिशवी खाली गेली, टोमॅटो घरभर.

"दादा आला व्हता," त्या हात जोडून म्हणाल्या. "दादानंच वाढवलं. आता तरी समज बाई. त्यालाबी नको हाय तुझ्या पायात."

त्यांनी डबी उचलून माझ्यापुढे धरली. खरं सांगते, त्या क्षणी मी हरले होते. दार बंद, कडी बंद, आणि जोडवं निघालेलं.

चाचा मात्र जोडवं हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होते. कापल्याची खूण शोधत असावेत. मग त्यांनी ते सहज अंगठ्यात घातलं. चाचांचा अंगठा म्हणजे वेल्डरचा अंगठा, केवढा जाड! जोडवं सरळ मुळापर्यंत गेलं.

"भाभी," ते म्हणाले, "ये तुमचंच हाय ना? ये तो बडा है."

मी उजव्या पायातलं काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. डाव्याच्या पोटात उजवं आख्खं बसत होतं.

बोट वाचलं. तीन आठवड्यांनी बूट घालण्याएवढी नाही, पण चप्पल घालण्याएवढी बरी झाले तेव्हा दोन्ही जोडवी घेऊन वसमतला सोनाराकडे गेले. शकुवन्सं बरोबर होत्या, त्यांनाच खात्री करायची होती. सोनारानं मापाच्या दांड्यावर चढवली, काट्यावर ठेवली, भिंग लावलं. म्हणाला, "ताई, मोठं करायचं म्हनलं की तापवून ठोकावं लागतं. नक्षी दबती, चांदी पातळ होती. इथं आठच्या आठ पानं टच्च. वजन दोघांचं बराबर, जाडी बराबर, अन् घेर मोठा. कुनाकडून केलं?" मी म्हटलं, घरीच.

तुम्ही म्हणाल, झोपेत मीच काढलं असेल. काढून दाखवा. सूज उतरली असेल म्हणाल, तर संध्याकाळी मुलीनं कॉलवर पाहिलं, बोट तसंच होतं. कुणी बदललं म्हणाल, तर ती आठ पानं आणि एका पानाच्या टोकाला पाट्यावर घासून पडलेला चरा मी अंधारातही ओळखेन. मला स्पष्टीकरण माहीत नाही. मुलीला नाही, चाचांना नाही. पण मला माहीत नाही म्हणजे तुमचं खरं, असं होत नाही. हे मी शकुवन्संना सांगितलं आणि इथंही सांगते.

घरी आल्यावर मी पलंगावर बसले आणि जोडवं हातात घेतलं. हाड जुळलं, पण बोट आता कायमचं जाड राहिलंय. जुन्या मापाचं जोडवं या जन्मात त्यात गेलं नसतं.

शकुवन्सं समोर उभ्या होत्या. म्हटलं, "वन्सं, तुमच्या दादाला नुस्तं काढायचंच होतं, तर काढून मोकळा झाला असता. मोठं काहून केलं?"

त्यांनी डबीकडे पाहिलं. मला वाटलं, आता डबी आणतील. मी वाकायला गेले तर पाय दुखला. तशा त्या खाली बसल्या, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "वाकू नको. आण इकडं."

ज्या बाईची जोडवी अठ्ठाविसाव्या वर्षी न विचारता काढली, तिनं माझ्या पायात जोडवं घातलं. ना ढिलं, ना घट्ट. अगदी मापाचं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्यानं म्हनलं व्हतं खरं. मी बी व्हते तवा जेवाया."

त्या डबीत आता लवंगा आहेत. गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे, बोलू द्या. हळद घेऊन आले की त्यांना आधी माझे पायच दिसतात.

उजव्या पायातलं अजून जुन्याच मापाचं आहे. फोटोला सांगून ठेवलंय – एक काम करायला एकवीस वर्षं लावलीत, झालं तेवढं पुरे. दुसऱ्याची घाई नाही.