गेजची दोन तोंडं

एखादा मुरलेला कामगार नव्या यंत्रापुढे चुकायला लागला, तर तुम्ही आधी कुणावर संशय घेता? माणसावर, की यंत्रावर?

मी यंत्रावर घेतला होता. नुसता घेतला नव्हता, दोन पानांवर लिहून छापायलाही टाकला होता. ती पानं छापली गेली नाहीत, म्हणून आज मी ही हकीकत मोकळ्या मनानं सांगू शकतो.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी मूळचा वाईचा. मॅट्रिक झाल्यावर सांगलीबाहेर पंप बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासणीच्या कामावर लागलो. तोपर्यंतचं माझं वाचन म्हणजे पत्रकं. मामा चळवळीत होते. आमच्या घरी पत्रकं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी असत. आई भाकरीचं पीठ काढताना ती झटकायची आणि पुन्हा आत सारायची. शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या पिठाळ कागदांनी मला जास्त शिकवलं, आणि एक खोडही लावली. काहीही वाईट घडलं की त्यामागे कुणाचा तरी डाव असणार, आणि तो डाव ठळक टायपात छापला की निम्मी लढाई जिंकली, असं मला वाटायचं.

तपासणीची खोली दगडी होती, विहिरीला लागून, भर उन्हाळ्यातही गार. आदल्या दिवशी लेथवर कातलेले पंपाचे दांडे सकाळी माझ्यापुढे येत आणि मी ते गेजनं तपासत असे. गेज म्हणजे घोड्याच्या नालासारखा पोलादी तुकडा, त्याला दोन तोंडं. पहिल्या तोंडातून दांडा सरकायला हवा, दुसऱ्यातून सरकता कामा नये. पहिल्यातूनच गेला नाही तर तो जाड, परत लेथवर. दोन्हींतून गेला तर बारीक, आणि बारीक झालेलं लोखंड काही केल्या पुन्हा जाड होत नाही. त्यावर मी तांबड्या रंगाची फुली मारायची आणि तो भंगारात टाकायचा. कामगारांनी त्या तोंडांचं बारसं केलं होतं: एक व्हयचं तोंड, एक न्हाईचं तोंड.

हे गेज नवेच होते. नव्या लेथबरोबर आलेले. प्रत्येक लेथवर एक आणि माझ्या खोलीत एक. त्याआधी सगळं माप कॅलिपरवर चालायचं, आणि कॅलिपर म्हणजे आमचे मिस्त्री.

मिस्त्री कोरेगावकडच्या मुसलमान लोहाराच्या घरातले. पन्नाशी उलटलेली, आकडा वाचता येत नव्हता, पण कॅलिपरचे दोन पाय दांड्यावरून नुसते फिरवून ते सांगत, "अजून केसभर." ते केसभर कातत आणि दांडा बेअरिंगमध्ये अलगद बसे. वीस वर्षं त्यांचा दांडा परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आमच्यातले निम्मे कातारी त्यांच्याच हाताखाली तयार झालेले.

जुने लेथ वरच्या पट्ट्यावर चालत, सावकाश, पट्ट्याचा फटफट आवाज करत. नव्या लेथला स्वतःची मोटर होती. जुन्यावर जे काम उरकायला दुपार व्हायची, ते नवा लेथ न्याहारीपर्यंत काढायचा. फोरमनसाहेबांनी अर्ध्या दिवसात सगळ्यांना बटणं, चाकं, वेग दाखवला, आणि भिंतीवर कागद चिकटवला: मोटरीपाशी तंबाखू खाण्यास व मळण्यास सक्त मनाई. सगळ्यांत नाजूक काम, बेअरिंगचे दांडे, अर्थातच मिस्त्रींच्या लेथवर गेलं.

पहिल्याच आठवड्यात पाचांतले तीन दांडे बाद. फुल्या मारल्या मी, याच हातानं. दुसऱ्या आठवड्यातही तेच.

मिस्त्री माझ्या खोलीच्या दारात आले. "मास्तर, जरा दावा बघू." मला मास्तर म्हणायची त्यांची थट्टा होती. मी दांडा गेजमध्ये घातला. व्हयच्या तोंडातून गेला, न्हाईच्या तोंडातूनही सुळकन गेला.

"माझ्या गेजातनं न्हाईला अडला हुता," ते म्हणाले. "काल सांच्यापारी. मी सवता बघितलं."

बाहेर एक तरणा कातारी उभा होता, त्यांचाच शागीर्द. तो हसून म्हणाला, "मिस्त्री, गेज बघून हात कापाय लागला काय?"

"हात कापायचा असता तर तुला शिकवताना कवाच कापला असता, गड्या," मिस्त्री म्हणाले. पण हसले नाहीत.

सोमवारी फोरमनसाहेबांनी त्यांना सांगितलं की पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत हात बसला नाही, तर नवा लेथ त्या तरण्याला देऊ आणि मिस्त्रींनी अंगणात ओतीव उचलायला जावं. ओतीव म्हणजे भट्टीतून आलेले बिडाचे जड तुकडे. मिस्त्रींची कंबर आधीच धरलेली होती. त्या अंगणात ते वर्षभर टिकले नसते, आणि तसं पाहिलं तर वर्षही लागलं नसतं. ज्यानं वीस वर्षं लोखंड केसात मोजलं, त्याला ते ढिगानं वाहायला लावणं, हेच त्यांना मोडायला पुरेसं होतं.

माझं डोकं भडकलं. लेथवरचा गेज एक सांगतो, तपासणीच्या खोलीतला दुसरं. मग उघडच आहे: खोलीतला गेज खोटा. म्हाताऱ्या कामगारांना काढायला मालकानं मुद्दाम सैल बनवून आणलेला. दोन्ही गेज शेजारी ठेवून तपासावेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मथळा आधी सुचला होता: 'खोटा गेज, खरा डाव!' शनिवारी संध्याकाळी सायकल मारत सांगलीला गेलो आणि ओळखीच्या छापखान्यात पानं देऊन आलो. मंगळवारी छापून देतो, ते म्हणाले.

रविवारी दुपारी मी नक्कल घेऊन मिस्त्रींकडे गेलो. ते अंगणात लिंबाखाली बाज विणत बसले होते. मी उभा राहूनच वाचायला लागलो, जरा सभेत वाचावं तसं. पहिलं पान संपलं तेव्हा ते म्हणाले, "लय झ्याक लिवलंयस. पर खरं हाय का?"

"आवं मिस्त्री, तुमच्या डोळ्यांदेखत..."

"दम खा की." त्यांनी सुंभ बाजूला ठेवला, कनवटीची चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला आणि मळायला लागले. त्यांचं मळणं प्रसिद्ध होतं. अंगठा सावकाश फिरे, मग थाप, फुंकर, पुन्हा अंगठा. मी दुसरं पान हातात धरून ताटकळलो.

"मिस्त्री, ऐका की पुढं!"

त्यांचा अंगठा एकाएकी थांबला. ते तळहाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी मळतोय तंवर तू थांबलास, न्हवं?"

"थांबलो की. काय करणार?"

"जुन्या लेथवर दांडाबी असाच थांबायचा."

मला काही कळेना. ते उठले, कंबर धरूनच, आणि अंगणातल्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "वीस वर्सं, पोरा. शेवटचा हात मारायच्या आधी मी लेथ थांबवायचो, तंबाखू मळायचो, बार भरायचो, हात पुसायचो, मग कॅलिपर लावायचो. तंवर दांडा गार व्हायचा. आता तंबाखू बंद. आन ह्यो नवा लेथ असा कापतोय की दांड्याला हात लावला तर चटका बसतोय. तापलेलं लोखंड फुगतंय, हे लोहाराच्या पोराला कुणी सांगाय पायजे व्हय रं?"

मी हातातल्या पानाकडे बघितलं. ठळक अक्षरातला 'खोटा' हा शब्द एकदम फार मोठा दिसायला लागला.

सोमवारी सकाळी माझ्या खोलीतला गेज फडक्यात गुंडाळून मी मिस्त्रींच्या लेथपाशी नेला. त्यांनी दांडा कातला, तो व्हयच्या तोंडात जेमतेम शिरेपर्यंत. लगेच माझा गेज लावला. दोन्ही गेज एकच बोलत होते: व्हयला जातो, न्हाईला अडतो. मग त्यांनी दांडा विटेवर ठेवला आणि रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवायला लागले. तंबाखू नव्हती, चुना नव्हता, पण थाप आणि फुंकरही सोडली नाही. कातारी काम सोडून बघायला लागले.

फोरमनसाहेब तरातरा आले. "मिस्त्री! भिंतीवरचा कागद दिसत नाही?"

"हात रिकामा हाय साहेब. हुंगून बघा."

सगळे हसले. साहेबांना हसावं की रागवावं समजेना, म्हणून ते उभे राहिले. मिस्त्रींनी नेहमीचा वेळ पुरा केला, मग वर अर्धी बिडी ओढून व्हावी इतका वेळ आणखी थांबले, दांड्याला मनगट लावून बघितलं आणि गेज घातला. व्हयच्या तोंडातून गेला. न्हाईच्या तोंडातूनही गेला. माझा गेज लावला, तेच.

"बाद!" मिस्त्री ओरडले. स्वतःचं काम बाद झाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "गेजबी खरा, हातबी खरा. मोजायची येळ चुकली."

साहेबांनी दांडा हातात घेऊन उलटापालटा केला. मग हळूच म्हणाले, "यंत्राबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय, जॉब गार करून मोजा म्हणून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार."

"ठाऊक हुतंच की. पर ते हाताला ठाऊक हुतं. डोस्क्याला काल कळलं."

मग मिस्त्रींनीच तोड काढली. एकेक दांडा पुरा करण्याऐवजी एका खेपेचे सहाही दांडे आधी केसभर जाड ठेवून कातायचे आणि विटांवर ओळीनं मांडायचे. सहावा होईपर्यंत पहिला गार झालेला असतो. मग त्याच क्रमानं शेवटचा हलका हात मारायचा, गेजला लावायचा. थांबणंही होतं आणि वेळही जात नाही. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या तरण्या कातार्‍यानं स्वतःहून विटा आणून दिल्या.

सुट्टीची घंटा होताच मी सायकल काढली. सांगलीपर्यंत वाऱ्याच्या तोंडावर पायडल मारताना एकच चित्र दिसत होतं: पत्रक वाटलं गेलंय, मालकानं सगळ्यांसमोर दोन्ही गेज शेजारी ठेवलेत, दोन्ही खरे निघालेत, आणि लोक आमच्याकडे बघून हसतायत. त्यानंतर मिस्त्रींचं खरं म्हणणंही कुणी ऐकून घेतलं नसतं. छापखान्यात शिरलो तर कंपोझिटरनं मथळा जुळवून ठेवलेला, शाई लागायची होती.

"काढून टाका," मी म्हणालो.

"सबंध पान जुळवलंय रे बाबा! कशाला काढू?"

"खोटं आहे म्हणून."

त्यानं माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. पत्रकं छापणाऱ्याला हे कारण बहुधा पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असावं. पण त्यानं अक्षरांचे खिळे काढले. एकेक अक्षर परत आपल्या खणात पडत होतं, आणि मी तिथल्या बाकावर बसून पोटभर पाणी प्यालो.

शनिवारी मिस्त्रींचे सहा दांडे माझ्या खोलीत आले. एकेक दांडा व्हयच्या तोंडातून सरकत गेला आणि न्हाईच्या तोंडाशी अडला. सहाव्यानंतर मी रंगाच्या डब्याला झाकण लावलं. दारात मिस्त्री उभे होते. "फुली न्हाई व्हय मास्तर? मग आता काय लिवणार?"

मी लिहिलं, आणि तेही छापलं. मालकाविरुद्ध माझं म्हणणं काही संपलेलं नाही. अर्ध्या दिवसात नवं यंत्र शिकवतात, चुकलं की अंगणात धाडतात, आणि कुणाला न विचारता एक सवय बंद करतात, हे अन्यायाचंच आहे. पण ते सांगायला मला खोट्या गेजची गरज नव्हती. आणि मिस्त्री आजही त्याच लेथवर आहेत. लेथपासून दहा पावलांवर, खिडकीखाली, साहेबांनी तंबाखूसाठी एक बाक ठेवून दिलाय.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या कारखान्यात, छापखान्यात, गिरणीत उद्या नवं यंत्र येईल. ते सुरू करण्याआधी तिथल्या सगळ्यांत जुन्या माणसाला बोलवा आणि म्हणा, हे काम तुम्ही आजवर कसं करत आलात, ते आम्हाला पहिल्यापासून करून दाखवा. मग त्याच्या शेजारी उभे राहून सगळं बघा. आणि मध्येच तो तंबाखू मळायला थांबला, तर घड्याळाकडे बघू नका. तो काय करतोय तेही लिहून घ्या.