एल्डन जिवंत आहे, दिवा बंद आहे

लॉरेल ग्रोव्हमध्ये त्या ऑगस्टात कुजबुज होती, की बसवाली आर्लिस बेकमन एकाहत्तराव्या वर्षी एल्डन टोफ्टच्या नादी लागली आहे, आणि ती आली की एल्डन अंगणातला दिवा मालवतो.

ही बातमी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या दुसऱ्या कपाबरोबर जन्मली. दुपारी ती बियाणांच्या दुकानात रांगायला लागली आणि संध्याकाळी केस कापायच्या दुकानात पोचली तेव्हा तिला दाढीमिशा फुटल्या होत्या. कोणी म्हणे, आर्लिस रोज जाते. कोणी म्हणे, पिकअपच्या मागे गादी टाकलेली असते. फर्न क्विस्ट तर शपथेवर सांगायची, आणि फर्न शपथ घ्यायला लागली की ऐकणाऱ्याने आपला अंदाज निम्म्यावर आणायचा असतो.

आर्लिसने अडतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. दक्षिण मिनेसोटातल्या त्या पंचक्रोशीतला चाळिशी-पन्नाशीतला कुठलाही माणूस घ्या, बँकेचा मॅनेजर असो की शेरीफचा हवालदार, आर्लिसने मागे वळून नुसतं पाहिलं तरी तो अजून सीटवर सरळ बसतो. खडीचा एकेक रस्ता तिला पाठ. कुठल्या वळणावर बर्फ साचतो, कुठल्या घरचं कुत्रं टायरला चावतं, कुठल्या घरात सकाळी सातला नवराबायको भांडतात, सगळं. नवरा क्लिफर्ड जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मे महिन्यात ती मोठ्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर पोरसवदा होता, पण खोटं बोलत नव्हता.

"दिवसाचं तुमचं बरीच वर्षं निभेल," तो म्हणाला. "अंधारातलं मात्र जाणार. वर्षभरात."

"पुढच्या ऑगस्टात मला तारे दिसतील का?"

"चंद्र दिसेल."

"चंद्र काय, तो आंधळ्यालाही दिसतो," असं म्हणून आर्लिस उठली आणि नव्वद मैल गाडी हाकत घरी आली. कोणाला एक शब्द बोलली नाही. त्यालाही कारण होतं. क्लिफर्ड आजारी पडला तेव्हा गावाने तेवीस हॉटडिश आणून दिल्या होत्या. खाली खिमा आणि डब्यातलं मशरूमचं सूप, वर कुरकुरीत बटाटे. एकही कमी नाही, एकही वेगळी नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं परत करायला जायचं आणि पुन्हा सगळं सांगायचं. तेव्हापासून दयेची चव आर्लिसच्या जिभेवर बसली होती आणि तिला ती पुन्हा नको होती.

तिला हवी होती विंचवाची नांगी, आभाळातल्या वृश्चिकाची. लहानपणी वडील तिला गवताच्या गाडीवर उभं करून दक्षिणेकडे दाखवायचे, अगदी जमिनीला टेकल्यासारखे दोन तारे, शेजारी शेजारी. "मांजरीचे डोळे," ते म्हणायचे. विंचवाला मांजरीचे डोळे कसे, हे तिने कधी विचारलं नाही. ते तारे त्या भागात कधी फार वर येतच नाहीत. ऑगस्टात अंधार पडल्यावर तासभर क्षितिजालगत रेंगाळतात आणि खाली जातात. ते एकदा नीट बघायचे, या ऑगस्टात, कारण पुढचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, शेतांच्या मुलखात अंधाराला काय तोटा! आर्लिसलाही तसंच वाटलं होतं. बसचा जुना नकाशा टेबलावर पसरून ती लाल पेन्सिल घेऊन बसली.

पहिल्यांदा ती दफनभूमीत गेली. टेकडीवर, दक्षिण मोकळी. पण हल्ली लोकांनी थडग्याथडग्यावर उन्हावर चालणारे दिवे खोचलेत. क्लिफर्डच्या शेजारी ओलाफसनच्या थडग्यावर तर निळा-हिरवा झगमगणारा मासा होता. "जिवंत होता तोवर वीजबिलावरून बायकोला छळायचा," आर्लिस पुटपुटली, आणि नकाशावर फुली मारली. तळ्याकाठी गेली तर तिथे सहा गाड्या उभ्या, सगळ्यांच्या काचा धुरकटलेल्या. तिने सवयीने हॉर्न वाजवला आणि सहाही गाड्यांतली डोकी सरळ झाली. पूर्वेला नव्या पवनचक्क्या, त्यांचे लाल दिवे एकदम लागत, एकदम विझत, जसं काही आभाळच डोळे मिचकावतंय. डुकरांच्या गोठ्यापाशी झकास काळोख होता, पण तिथे तोंड उघडून वर बघायची सोय नव्हती.

आणि उरलेल्या जागी मका. जूनमध्ये गुडघ्याएवढा असतो तोवर तो बापडा वाटतो, ऑगस्टात तो डोक्यावरून जातो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भिंत उभी करतो. नांगी काय, शेजारचं घर दिसत नाही. म्हणजे दक्षिणेला सोयाबीनच पाहिजे, जे कमरेच्या वर जात नाही. आणि यंदा सोयाबीन म्हणजे पुढच्या वर्षी मका, ही तिथली रीत. त्यामुळे सापडेल ती जागा या एकाच उन्हाळ्याची.

जुलैभर आर्लिस खडीचे रस्ते तुडवत फिरली. दिवसा कोणाकोणाचं सोयाबीन आहे ते बघायचं, आणि अंधार पडला की जाऊन थांबायचं. शेवटी एक जागा उरली. चौदा नंबरच्या रस्त्यावरचं फाटक, समोर दक्षिणेला ऐंशी एकर सोयाबीन, सपाट, जसा इस्त्री केलेला पलंगपोस. आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला, बरोब्बर नांगीच्या खाली, एल्डन टोफ्टचं घर आणि त्याच्या अंगणातला खांबावरचा दिवा. लख्ख. जणू फुटबॉलचा सामना चाललाय.

अंगणातला दिवा ही त्या भागात साधी गोष्ट नाही. अंधार पडला की तो आपोआप लागतो, उजाडलं की विझतो, आणि मधे त्याला कोणी हात लावत नाही. लोक झोपण्याआधी एकदा खिडकीतून बघतात, शेजाऱ्याचा दिवा आहे ना. नसला तर एक तर वीज गेली, नाही तर शेजारी गेला. आणि वीज गेली असती तर आपलाही दिवा गेला असता.

आर्लिस आणि एल्डन एका वर्गातले. एल्डनची बायको जॅनेट तीस वर्षांपूर्वी बियाणांच्या एजंटाबरोबर पळून गेली, तेव्हापासून तो त्या कंपनीचं बी घेत नव्हता आणि तोंड उघडायचा ते भांडायलाच.

"काय विकायला आलीस?" दारातच त्याने विचारलं.

"तुझा दिवा बंद करशील का? एक रात्र. तासभर."

"का?"

"मला तारे बघायचेत."

"वर बघ की. दिवा खाली आहे."

"मला बघायचेत ते खाली आहेत, टोफ्ट. चौथीत तुझं भूगोलाचं जे झालं, ते अजून तसंच आहे."

"एकतीस वर्षं तो दिवा बंद झालेला नाही. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डोकं आहे. डोळे चाललेत," आर्लिस म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर स्वतःवरच चिडली. मग उरलेलंही सांगावं लागलं. "आणि हे कोणाला कळलं ना, तर बघ."

एल्डनने बराच वेळ टोपी डोक्यावर मागेपुढे केली. "माझी पोरगी बारा वर्षं तुझ्या बसमध्ये होती," तो म्हणाला. "एकदा तिला अर्ध्या रस्त्यात उतरवलंस."

"ती चावली होती."

"चावायचीच. आईवर गेलीय." पुन्हा टोपी. "किती वाजता?"

ठरलं गुरुवारी, अमावास्येला. दहाच्या ठोक्याला दिवा गेला. आर्लिस फाटकापाशी घडीच्या खुर्चीवर डोळे मिटून बसली, कारण डोळ्यांत अंधार मुरायला वीसेक मिनिटं लागतात, आणि तिच्या डोळ्यांना तर तीसही. साडेदहाला तिने डोळे उघडले. आकाशगंगा सोयाबीनवर सांडलेली. विंचवाचं तांबडं काळीज दिसलं. त्याखाली शेपटीची वळणं, एक, दोन...

आणि पूर्वेकडून फर्नच्या नवऱ्याची, लोवेल क्विस्टची, पिकअप आली, मोठे दिवे, वरून छतावरचे शिकारीचे दिवे, सगळे आर्लिसच्या तोंडावर.

"आर्लिस! एल्डन गेला का गं?"

"कुठे गेला?"

"वर! दिवा बंद आहे ना त्याचा!" शेजारी फर्न बसलेली, रात्रीच्या गाऊनवर कोट, मांडीवर फॉइल लावलेलं भांडं. दिवा जाऊन अर्धा तास, आणि हॉटडिश गरम. ती आधीच करून ठेवते की काय, देव जाणे. तेवढ्यात पश्चिमेकडून दोन गाड्या, मागून गावची रुग्णवाहिका, लाल-निळे झोत फिरवत. एल्डन शेतातून धावत आला, तो हात वर करून ओरडत होता, "मी जिवंत आहे! मी जिवंत आहे, हरामखोरांनो!"

"मग दिवा का बंद आहे?" फर्नने विचारलं. आवाजात थोडी निराशा होती.

एल्डनने आर्लिसकडे पाहिलं. आर्लिसने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती आरशातून शेवटच्या बाकाकडे बघायची.

"बल्ब," एल्डन म्हणाला.

सगळे पांगेपर्यंत नांगी जमिनीत गेली होती. फर्नने हॉटडिश तरीही एल्डनच्या हातात कोंबली. आणली आहे तर परत कशी न्यायची?

शुक्रवारी ढग. शनिवारी ढग. रविवारीही तोच अंदाज. सोमवारी आभाळ उघडणार होतं, आणि त्यानंतर चंद्र मोठा होत जाणार, पुढच्या अमावास्येला विंचू अंधार पडायच्या आधीच आडवा. सोमवार गेला की गेलं.

रविवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी दोघं पास्टरबाईंच्या खोलीत उभे होते. पास्टरबाई तरुण, गावात नवीन, सगळ्यांचं ऐकून घ्यायची सवय अजून सुटली नव्हती.

"घोषणेत एक ओळ घाला," एल्डन म्हणाला. "सोमवारी दहा ते अकरा माझा दिवा बंद राहील. मी मेलेलो नाही. कोणी येऊ नये. काही आणू नये."

"कारण काय लिहू?"

"कारण नाही," आर्लिस म्हणाली.

"अहो, कारण सांगितलंत तर लोक समजून घेतील. प्रार्थनाही करतील तुमच्यासाठी—"

"तेच नकोय."

बाहेर आल्यावर एल्डन म्हणाला, "कारण नाही म्हटल्यावर ते काय समजतील, कळतंय ना तुला?"

"समजू देत. लफडं असलं की निदान कोणी जेवण आणत नाही."

एल्डन दारात थबकला. मग हसला. त्याला हसताना पाहून तळघराच्या जिन्यावर उभ्या फर्नच्या हातातली कॉफी बशीत सांडली.

सोमवारी चंद्राची कोर पावणेदहाला बुडाली. दहाला एल्डनचा दिवा गेला. तो आपली पिकअप दिवे न लावता हळूहळू फाटकापर्यंत घेऊन आला, दोन खुर्च्या मांडल्या, हातभर अंतर ठेवून. थर्मासमधली कॉफी दोघांनी प्यायली. कॉफी भयंकर होती.

"जॅनेट याच्यामुळेच गेली का?"

"गप बस आणि वर बघ. म्हणजे खाली बघ."

मग एक गंमत झाली. पूर्वेला क्विस्टांचा दिवा गेला. पाठोपाठ पश्चिमेला हाल्वोरसनांचा. मग रस्त्यापलीकडचा, मग त्याच्याही मागचा. आर्लिस क्षणभर घाबरली, वाटलं डोळेच गेले.

एल्डन खाकरून थुंकला. "फर्न दुर्बीण घेऊन ओसरीवर बसलीय," तो म्हणाला. "पैजेवर सांगतो. उजेडात आपल्याला ती दिसेल म्हणून दिवा घालवलाय. बाकीचेही तेच करतायत, बघ. सगळा तालुका अंधारात बसून आपल्याला बघतोय."

"काय दिसतं त्यांना?"

"काही नाही. अंधार आहे ना."

आर्लिसला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते तिने बाहीला पुसलं, आणि पुन्हा दक्षिणेकडे पाहिलं. एवढा काळोख त्या रस्त्यावर तिच्या वडिलांच्या काळानंतर झाला नव्हता. विंचवाचं काळीज, खाली शेपटी, शेपटीची वळणं, आणि एल्डनच्या कोठाराच्या छपरावर, शेजारी शेजारी, मांजरीचे डोळे.

ती ते बुडेपर्यंत बघत राहिली. एल्डनला मधेच झोप लागली होती आणि तो घोरत होता, आणि ते घोरणं फर्नने पुढे कशाकशाला जोडलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

गावाने अखेरपर्यंत लफडंच धरून ठेवलं. आर्लिसने कधी नाही म्हटलं नाही, आणि त्या वर्षी तिच्या दारात एकही हॉटडिश आली नाही.

खरं एवढंच होतं. आर्लिस बेकमनची अंधारातली नजर जात होती. तिला विंचवाची नांगी बघायची होती आणि एल्डनचा दिवा आड येत होता. त्याने तो दोनदा बंद केला. दुसऱ्यांदा तिला ती दिसली.